दोन डोस, चौदा दिवस आणि बपेऱ्याचा पूल

बपेरा हे तुमसर तालुक्याच्या टोकाचे गाव. पूल ओलांडला की बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश लागतो. या पट्ट्यातील बाजाराने राज्याची हद्द कधी फारशी मनावर घेतली नाही. पल्याडची बाई अल्याड बांगड्या भरायला येते, इकडचा शिंपी तिकडच्या लग्नाचे कपडे शिवतो, बकऱ्यांचा सौदा कधी या काठावर ठरतो तर कधी त्या. २०२० ते २०२२ या काळात मात्र ही हद्द प्रत्येकाला दिसली. पुलाच्या दोन टोकांना दोन सरकारांचे दोन हुकूम चालत होते आणि मधल्या माणसाला ते दोन्ही पाळायचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यालाही काळ लोटला. मग आता हे जुने दुखणे कशाला उकरायचे, असे वाचक विचारतील. कारण एवढेच की, दुकाने कशी बंद झाली यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. ती कशी उघडली याचा हिशोब मात्र कोणी मांडला नाही. साथ पुन्हा येणार नाही असे कोणी लिहून दिलेले नाही. ती आली तर लसही येईल, आणि लस आली की तोच प्रश्न परत उभा राहील : किती लोकांनी लस घेतली म्हणजे बाजार मोकळा करायचा, आणि हे ठरवायचे कोणी?

आधी एक गोष्ट मान्य करू. एप्रिल २०२१ मध्ये बाजार बंद करणे चूक नव्हते. भंडारा जिल्ह्यात पहिला रुग्ण २७ एप्रिल २०२० रोजी गराडा बुद्रुक येथे सापडला. त्यानंतर वर्षभराने, १२ एप्रिल २०२१ या एकाच दिवशी १५९६ बाधित निघाले. १८ एप्रिलला जिल्ह्यात उपचार चालू असलेले रुग्ण १२,८४७ होते. ऑगस्टपर्यंत जिल्ह्याने ११३३ माणसे गमावली. ज्या घरात ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत रात्र काढली गेली, त्या घरातल्या दुकानदाराला बंदीचे कारण समजावून सांगावे लागत नाही. गल्ला परत भरता येतो, माणूस परत येत नाही.

तरीही त्या बंदीची वेळ आपल्या व्यापाराला सर्वांत जास्त झोंबली. ‘ब्रेक द चेन’ची कडक बंदी १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून लागली, आणि १४ एप्रिल हाच रमजानचा पहिला रोजा होता. १४ मे रोजी ईद झाली तेव्हाही शटर खालीच होते. त्याआधीच्या वर्षी, २०२० मध्येही रमजानचा पूर्ण महिना टाळेबंदीत गेला होता. कापड, चप्पल, अत्तर, बांगडी, शेवया, शिवणकाम या धंद्यांची वर्षाची निम्मी कमाई ज्या महिन्यावर उभी असते, तो महिना सलग दोनदा हातून गेला. जुलै २०२१ च्या बकरी ईदला जनावरांचे बाजार बंद ठेवून फोनवर किंवा ऑनलाईन खरेदी करण्याची सूचना आली. बकऱ्याचे दात आणि वजन फोनवर पाहून सौदा करणारा व्यापारी आम्हाला तरी अजून भेटलेला नाही. असो.

आता उघडण्याची गोष्ट. ३ जून २०२१ रोजी तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पाच टप्प्यांची योजना जाहीर केली आणि १८ जिल्हे मोकळे होणार असे सांगितले. त्या यादीत भंडाऱ्याचे नाव होते. लोकांनी झाडू घेऊन दुकानातली धूळ काढायला सुरुवात केली तोवर सरकारकडून खुलासा आला की, हा प्रस्ताव केवळ विचाराधीन आहे. त्यानंतर ४ जूनचा आदेश निघाला आणि ७ जूनपासून पाच स्तर लागू झाले. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांखाली व ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सर्व मोकळे. प्रमाण वाढेल तशी बंधने वाढणार. हा नियम चांगला होता. दुकानदाराला निदान कळत होते की, कोणता आकडा खाली आला म्हणजे आपले शटर वर जाणार.

पण तो तीन आठवडेही टिकला नाही. डेल्टा प्लस नावाच्या नव्या विषाणूची भीती निर्माण झाली आणि २५ जूनच्या आदेशाने ठरले की, कोणत्याही जिल्ह्याचा आकडा कितीही खाली असो, त्याला तिसऱ्या स्तराच्या खाली आणायचे नाही. तिसरा स्तर म्हणजे दुकाने दुपारी चारपर्यंत. शेतकरी रोवणीत गुंतलेला, मजूर बांधीत; तो बाजाराला निघतो तो चारनंतर. चारला बंद होणारे खेड्यातले दुकान हे बंद असल्यासारखेच. आणि हे भंडाऱ्याच्या रुग्णसंख्येवरून ठरलेले नव्हते, ते साऱ्या राज्याच्या भीतीवरून ठरलेले होते.

२ ऑगस्टला २५ जिल्ह्यांना सवलत मिळाली. सोमवार ते शुक्रवार रात्री आठपर्यंत, शनिवारी तीनपर्यंत, रविवारी बंद. त्याच आठवड्यात, शुक्रवारी ६ ऑगस्टला, भंडारा हा राज्यातला पहिला कोविडमुक्त जिल्हा झाल्याची बातमी आली. शेवटचा रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि त्या दिवशी तपासलेल्या ५७८ जणांत एकही बाधित निघाला नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार. एकही रुग्ण नसलेल्या जिल्ह्यातली दुकाने दुपारी तीनला बंद झाली आणि रविवारी उघडलीच नाहीत.

एकही रुग्ण नाही म्हणून लगेच सगळे खुले करा, असे आमचे म्हणणे नाही. जिल्ह्याला भिंत नसते. पुलावरून माणसे येतात, नागपूरहून येतात, मुंबईहून येतात, आणि जानेवारी २०२२ मध्ये साथ परत आलीच. शून्य हा आकडा आजचा असतो, उद्याची हमी तो देत नाही. हमी देते ती लस. म्हणून बंधने उठवताना लसीकडे पाहायचे हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. वाद आहे तो ते तत्त्व लागू कसे केले याचा, आणि इथे व्यापारी बंधूंनी जरा वही-पेन्सिल घेऊन बसावे अशी विनंती आहे.

११ ऑगस्टच्या आदेशाने सांगितले की, १५ ऑगस्टपासून दुकाने आठवड्याचे सातही दिवस रात्री दहापर्यंत उघडी ठेवता येतील. अट एकच. मालक व सर्व कामगार यांचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसाला १४ दिवस उलटलेले हवेत. कागदावर ही अट किती सरळ दिसते! आता तारखा मांडा. पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस १ एप्रिल २०२१ पासून मिळू लागली. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी १ मेपासून सुरुवात झाली खरी, पण लस पुरेना म्हणून महाराष्ट्रात ती मेच्या मध्यालाच थांबवावी लागली. केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस देण्याचे धोरण २१ जूनपासून लागू केले. आपल्याकडे बहुतेकांना मिळाली ती कोविशिल्ड, आणि तिच्या दोन डोसांमधले अंतर १३ मेच्या निर्णयाने बारा ते सोळा आठवडे केले गेले होते. म्हणजे कमीत कमी ८४ दिवस.

२१ जूनला पहाटे रांगेत उभे राहून पहिला डोस घेतलेल्या तरुणाचा दुसरा डोस १३ सप्टेंबरच्या आधी होऊच शकत नव्हता. त्यावर चौदा दिवस धरा. २७ सप्टेंबर. अट लागू झाली १५ ऑगस्टला, आणि ती पाळणे नियमाप्रमाणे शक्य होते २७ सप्टेंबरला! कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचे अंतर २८ दिवसांचे होते, ते सुटले. पण कोणती लस मिळेल हे माणसाच्या हाती नव्हते, त्या दिवशी केंद्रावर जी येईल ती टोचून घ्यावी लागत होती.

आता सिहोऱ्यातले समजा एक शिवणकामाचे दुकान घ्या. मालक पंचावन्न वर्षांचे, एप्रिलमध्ये पहिला डोस, जुलैपर्यंत दुसराही झालेला. मशीनवर बसणारे दोन मुलगे आणि काज-बटण करणारा एक पोरगा, तिघेही तिशीच्या आतले. मालक नियमात बसले, हात नियमाबाहेर राहिले. आमच्या ओळखीच्या एका चाचांनी तेव्हा विचारलेला प्रश्न अजून कानात आहे. “भाईजान, माझे दोन झाले, पोराचा एकच. मग दुकान अर्धे उघडू का?” त्यांना उत्तर देणे आम्हाला जमले नव्हते. मोठ्या शहरातही याहून वेगळे घडले नाही. मुंबईतले मॉल १५ ऑगस्टला उघडले आणि दोन-तीन दिवसांत त्यांपैकी कितीतरी परत बंद करावे लागले. कारण तेच, कामावरची बहुतेक मंडळी चव्वेचाळीसच्या आतली. फरक एवढाच की, मॉलवाल्यांची संघटना वर्तमानपत्रात बोलली. सिहोरा-बपेऱ्याचा शिंपी कुठे बोलणार?

हा नियम करणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याने तो लिहिला त्याने लस उपलब्ध झाल्याची तारीख आणि अट लागू होण्याची तारीख एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, हे उघड आहे. लहान दुकान म्हणजे घरच असते. म्हातारा गल्ल्यावर आणि तरुण कामावर. सर्वांचे दोन डोस ही अट मोठ्या कंपनीला परवडते, कारण ती शंभरातले साठ कामाला बोलावू शकते. चार माणसांच्या दुकानात एक जण घरी बसला तर चौथा हिस्सा काम गेले. आणि तो एक जण कारागीर असला तर सगळेच गेले.

मग काय करायला हवे होते? आमच्या मते, लस मिळू लागल्याच्या दिवसापासून ८४ आणि १४ असे ९८ दिवस होईपर्यंत एक डोस घेतलेल्याला मास्क लावून कामावर बसू द्यायला हवे होते. ज्याने रांग लावली, डोस घेतला, दुसऱ्याची तारीख ज्याच्या कागदावर छापलेली आहे, त्याचा कसूर काय? ९८ दिवस उलटल्यावर मात्र ढिलाई नको. त्यानंतरही ज्याने लस घेतली नाही त्याला दुकानात बसवू नये, इतके कडक आम्हीही राहू.

सीमेवरचा हिशोब याहून अवघड होता. १२ मे २०२१ च्या आदेशाने महाराष्ट्रात येणाऱ्याला ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागू लागला आणि मालवाहू गाडीत दोनच माणसे चालू लागली. जुलैच्या मध्यात दोन्ही डोस घेतलेल्यांना अहवालातून सूट मिळाली. इथेही तोच पेच. गाडीचा मालक सुटला, पोरसवदा क्लीनर अडकला. नमुना देण्यासाठी तालुक्याला जायचे, अहवालाची वाट पाहायची, आणि पुलापल्याड पाव तासाच्या कामाला जाऊन यायचे, यात मजुरी किती उरते हे ज्याचे त्याने काढावे.

नोव्हेंबरमध्ये तर कहर झाला. १७ नोव्हेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी कोविडची सर्व बंधने उठवल्याचे जाहीर केले. दहा दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, महाराष्ट्राने उलट आदेश काढला. दुकानातल्या माणसांचेच नव्हे तर येणाऱ्या ग्राहकांचेही दोन डोस झालेले असावेत. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला पाचशे रुपये दंड, आणि ज्याच्या दुकानात तो मोडला गेला त्या दुकानाला दहा हजार. पूल तोच, ग्राहक तोच. पल्याड त्याला कोणी काही विचारत नाही, अल्याड बांगडीवाल्याने आधी त्याचे प्रमाणपत्र मागायचे. साहजिकच ग्राहक पल्याडच थांबणार. पुढे २३ डिसेंबरला मध्य प्रदेशनेही रात्रीची संचारबंदी लावली, पण लग्नसराईचा तो महिना इकडच्या दुकानदाराच्या हातून गेला तो गेलाच. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना एकमेकांशी बोलून सीमेवरच्या गावांपुरते एक वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार दिला असता तर दोन्ही राज्यांचे काय बिघडले असते?

इतके सरकारला सुनावल्यावर आपल्या घरातही डोकावले पाहिजे. लसीकरणाचा टक्का जिल्ह्यावर मोजला जातो आणि एखादा मोहल्ला मागे राहिला तर सगळ्यांची तारीख लांबते. मालेगावात लसीकरण मागे पडल्याची चर्चा राज्यभर झाली. मुस्लिम वस्त्यांत लोक लसीला बिचकतात म्हणून सलमान खानची मदत घेणार असल्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितले. हे ऐकून वाईट वाटले, पण खोटे होते असे म्हणवत नाही. लसीने मूल होत नाही, लसीत डुकराची चरबी आहे, अशा गोष्टी चहाच्या टपरीवर चालल्याच होत्या. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसींत जिलेटिन नाही, हे पहिल्याच महिन्यात ठळकपणे सांगायला हवे होते. आम्हीही ते पुरेसे सांगितले नाही.

मात्र बिचकण्याचे दुसरे कारणही होते, आणि त्याची चर्चा क्वचितच झाली. रोजंदारीच्या माणसाला डोसानंतर दोन दिवस ताप आला की दोन दिवसांची मजुरी बुडते. केंद्र उघडते ते कामाच्या वेळेत. नोंदणी मोबाईलवर, आणि मोबाईल पोराच्या हातात. नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम निघाली, कर्मचारी दारात आले, तेव्हा घराबाहेर पडून रांग लावणे न जमणाऱ्यांचीही सोय झाली. हेच दार चार महिने आधी ठोठावले असते तर! उलट त्याच महिन्यात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, लस न घेणाऱ्याला पेट्रोल आणि रेशन मिळणार नाही असा हुकूम निघाला. दुकान रात्री दहापर्यंत चालवणे ही सवलत आहे, तिला अट घाला. रेशन ही सवलत नव्हे. त्याला अट घालणे आम्हाला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि लसीकरणाचा टक्का म्हणजे नेमके काय, हे सर्वांना नव्याने शिकावे लागले. दोन डोस घेतलेल्यांनाही संसर्ग झाला. पण लस घेतलेला माणूस बहुधा घरीच बरा झाला, दवाखान्याच्या खाटा एप्रिलसारख्या भरल्या नाहीत. म्हणजे नुसता लसीचा आकडा पुरेसा नाही आणि नुसती रुग्णसंख्याही नाही. लस किती आणि खाटा किती, हे दोन्ही एकत्र पाहावे लागते. डेन्मार्कने १० सप्टेंबर २०२१ रोजी सगळी बंधने उठवली तेव्हा तिथे बारा वर्षांवरील ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांचे दोन डोस झाले होते. तरी हिवाळ्यात त्यांना काही बंधने परत आणावी लागली, आणि १ फेब्रुवारी २०२२ ला ती पुन्हा उठवली. उठवणे, परत लावणे, परत उठवणे यात कमीपणा नाही. फक्त कशामुळे लावले आणि कशामुळे उठेल हे आधी सांगितलेले असावे.

आपल्या सरकारनेही अखेर तेच केले. मार्च २०२२ च्या सुरुवातीच्या आदेशात स्पष्ट आकडे आले : पहिला डोस ९० टक्के, दुसरा ७० टक्के, बाधितांचे प्रमाण दहा टक्क्यांखाली, ऑक्सिजनच्या खाटा ४० टक्क्यांखाली. ज्या जिल्ह्यात हे चारही जुळतील तो मोकळा. असे १४ जिल्हे निघाले. त्यांत नागपूर होते, गोंदिया होते आणि आपला भंडाराही होता. या आदेशाबद्दल आम्हाला तक्रार नाही, कौतुकच आहे. तक्रार वेळेची आहे. महिनाभरात, गुढीपाडव्याच्या सुमारास, साऱ्या राज्याचीच बंधने उठली आणि ३ एप्रिलपासूनच्या रमजानचा बाजार तिसऱ्या वर्षी एकदाचा मोकळेपणाने भरला. हेच चार आकडे जुलै २०२१ मध्ये जाहीर झाले असते तर तुमसरच्या व्यापारी मंडळींनी स्वतः मंडप टाकून लसीकरणाची शिबिरे भरवली असती. पोचायचे कुठे हे कळले की आपला माणूस चालतो.

म्हणून तुमसर, सिहोरा आणि बपेरा भागातील व्यापारी व कारागिरांनी एक अर्ज तयार करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा असे आम्ही सुचवतो. साथ नसतानाच द्यावा, कारण साथीत कोणी वाचत नाही. त्यात तीन-चार गोष्टी मागाव्यात. बंदीच्या आदेशातच ती कोणत्या आकड्याला उठेल ते लिहिलेले असावे. लसीची अट घालायची तर लस त्या वयाला मिळू लागल्यापासून दोन डोसांचे अंतर मोजून घालावी. सीमेवरच्या गावांसाठी पल्याडच्या जिल्ह्याशी बोलून एकच वेळ ठरवावी. आणि ग्राहकाच्या चुकीचा दंड दुकानदारावर टाकू नये.

अर्जासोबत पुरावा जोडावा लागेल. आपल्या दुकानात तेव्हा किती माणसे होती, कोणाचा दुसरा डोस कोणत्या तारखेला झाला, आणि १५ ऑगस्ट २०२१ नंतर किती दिवस दहापर्यंत दुकान ठेवता आले नाही, हे प्रत्येकाने एका कागदावर उतरवावे. लसीची प्रमाणपत्रे बहुतेकांच्या मोबाईलमध्ये अजून असतील. त्या दोन वर्षांच्या उधारीच्या वह्या ज्यांच्याकडे शिल्लक आहेत त्यांनी त्या तूर्त रद्दीत घालू नयेत.